अकरा महिन्यांचा करार आहे, मग नोंदणी कशाला?

घर भाड्याने देताना एजंट हमखास सांगतो, "अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी केली की झालं." महाराष्ट्रात हे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मालकांना खरी धास्ती वाटायला हवी ती पुढच्या तरतुदीची. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडं किती, अटी कोणत्या, याबाबत भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं. उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. नोंदणीकृत करार असेल, तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं. चार पैसे वाचवायला नोटरीवर भागवणं मला तरी महागाचंच वाटतं.

भाडेकरूंनी डिपॉझिट बँकेतूनच द्यावं आणि रकमेचा आकडा करारात आहे ना, ते बघावं. घर सोडल्यावर ते किती दिवसांत परत मिळेल, रंगकामाचे पैसे कापणार का, हेही लिहून घ्या. भांडणं बहुतेक तिथेच होतात. चावी घेताना वीजमीटरचा आणि भिंतींवरच्या ओलीचा फोटो काढून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.