कॅलिफोर्नियात मुलांच्या शाळेतला पीटीचा वेळ कसा तपासावा

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत कलम 51210 नुसार पहिली ते सहावीला दर 10 शालेय दिवसांत किमान 200 मिनिटं शारीरिक शिक्षण बंधनकारक आहे. सातवी ते बारावीला कलम 51222 नुसार 400. मात्र आठवीपर्यंतच्याच शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) सातवी-आठवीलाही 200 च.

आधी वर्गशिक्षकांकडून लेखी वेळापत्रक मागून घ्या. सलग 10 शालेय दिवस धरा. शनिवार-रविवार, सुट्ट्या वगळा. छोटी सुट्टी आणि जेवणाची सुट्टी यात मोजायची नाही, कायदाच तसं सांगतो. गफलत होते ती नेमकी इथेच. 'मुलं रोज मैदानावर जातात की!' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

समजा, आठवड्यातून दोनदा 45 मिनिटांचा तास आहे. दहा दिवसांचे झाले 180, म्हणजे 20 कमी. कागदावर 50-50 चे तास असले तरी पावसामुळे एखादा बुडाला आणि भरून काढला नाही, की हिशेब 150 वर येतो. म्हणून प्रत्यक्ष झालेले तासच तारखेनिशी टिपा.

वेळ कमी भरला तर आधी मुख्याध्यापकांना ईमेल करा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर पहिली ते सहावीसाठी डिस्ट्रिक्टकडे 'युनिफॉर्म कंप्लेंट', म्हणजे नियम पाळला नाही अशी औपचारिक तक्रार, लेखी द्या, सोबत तुमची टिपणं जोडा. निर्णय साधारणपणे 60 दिवसांत लेखी मिळायला हवा. तो पटला नाही तर राज्याच्या शिक्षण विभागाकडे अपील करता येतं.