जुन्या गाडीसाठी वायपर ब्लेड आणि रेन रिपेलंट कसे निवडावे

मुंबईत मॉन्सून पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून मानली जाते आणि दक्षिण कोकणात तो त्याआधीच उतरतो, म्हणून वायपरची खरेदी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उरकावी. त्याआधी केलेली खरेदी बहुधा वाया जाते, कारण वायपरच्या रबराचा खरा शत्रू पाऊस नसून ऊन आहे. मार्च ते मे या काळात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर एकही थेंब न पुसता कडक होते आणि त्याच्या पातळ कडेला बारीक चिरा पडतात.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मारुती ८०० किंवा सँट्रोची काच, वायपरचा दांडा आणि मोटर ही तिन्ही ब्लेडइतकीच झिजलेली असतात. दुकानात आपल्याला फक्त ब्लेड विकले जाते, आणि दोष काचेत किंवा दांड्यात असेल तर सगळ्यात महाग ब्लेडही आठवड्याभरात करकरू लागते. त्यामुळे आधी काच, मग दांडा, त्यानंतर ब्लेड आणि सर्वांत शेवटी रिपेलंट, म्हणजे काचेवर पाणी पसरू न देणारा लेप, असा क्रम ठेवावा.

काचेपासून सुरुवात करा. रात्री गाडी अंधारात उभी करून टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून तिरका धरा. हजारो चमकणारे ठिपके दिसले, तर ते वर्षानुवर्षे पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेल्या वाळूचे वण आहेत. वायपरच्या वाटेवर कमानीसारखी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडकत असेल तर ती रेघ पॉलिशने जाणार नाही. जबरदस्तीने घासल्यास तिथली काच खोलगट होऊन समोरचे दृश्य वाकडे दिसू लागते. नख अडकत नसेल तर सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने धूसरपणा बराच कमी होतो. बोअरवेलच्या जड पाण्याने पडलेले पांढरे डाग पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरने निघतात. डिझेलच्या धुराचा आणि वॉशिंग सेंटरवर मारलेल्या मेणाचा तेलकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. नंतर काचेवर तांब्याभर पाणी ओता. पाणी अखंड पडद्यासारखे खाली सरकले तर काच खरोखर स्वच्छ झाली. मध्येच थेंब थेंब उभे राहिले तर तेल अजून शिल्लक आहे.

आता दांडा. ब्लेड काढण्यापूर्वी काचेवर जाडसर टॉवेल चार पदरी घडी करून ठेवावा, ही सूचना मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. ब्लेड काढलेला दांडा उभा ठेवून मी नवे खोके उघडत होतो, तेवढ्यात कोपर लागले, स्प्रिंगने दांडा फटकन खाली आणला आणि उघड्या लोखंडी आकड्याने काचेला चांदणी पाडली. दीडशे रुपयांच्या ब्लेडपायी अख्खी काच बदलावी लागली.

जुन्या दांड्याची स्प्रिंग सैलावलेली असते. ती तपासण्यासाठी सामान तोलायचा हातातला काटा पुरतो. ब्लेड जिथे अडकते तिथे दोरा बांधून काट्याने सरळ वर ओढा आणि रबर काचेपासून सुटते त्या क्षणीचा आकडा पाहा. ब्लेडच्या दर सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम असा ढोबळ हिशेब धरला, तर ४० सेंटिमीटरच्या ब्लेडला सुमारे ६०० ग्रॅम दाब हवा. आकडा याच्या निम्म्यावर असेल तर ब्लेडऐवजी दांडा बदला. ब्लेड जाताना नीट पुसते आणि परतताना थडथडते, असे होत असेल तर दांडा पिळलेला आहे. रबराची कड काचेवर काटकोनात उभी राहिली तरच ती प्रत्येक फेरीअखेर कूस बदलू शकते. दांड्याला कापड गुंडाळून पकडीने किंचित पीळ दिला की बहुतेक वेळा हा दोष जातो. वायपर मुळातच मंद चालत असतील तर मोटरची अर्थिंग आणि सुकलेले ग्रीस इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे.

ब्लेड निवडताना जुन्या ब्लेडचे रबर टेपने मोजा, कारण मापे इंचांत विकली जातात आणि दोन्ही बाजूंची मापे वेगळी असू शकतात. मोठे ब्लेड लावल्यास जास्त काच पुसली जाईल, हा हिशेब चुकीचा आहे. तोच दाब जास्त लांबीवर वाटला जातो, ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटते आणि थकलेल्या मोटरवर ओझे वाढते. दांड्याचे टोकही पाहून ठेवा. अलीकडच्या तीन-चार दशकांतील बहुतेक जुन्या गाड्यांना वाकडा आकडा असतो, तर त्याहून जुन्या काही गाड्यांना सरळ पट्टी असते आणि तिला वेगळा जोड लागतो.

फ्रेमचे ब्लेड घ्यावे की हल्लीचे चपटे, फ्रेमलेस? चपट्या ब्लेडमधील पोलादी पट्टीला कारखान्यातच ठराविक बाक दिलेला असतो आणि तो काचेच्या बाकाशी जुळला तरच दाब सारखा पडतो. जुन्या, जवळजवळ सपाट काचेवर हा मेळ अनेकदा बसत नाही. फ्रेमचे ब्लेड मात्र सांध्यांमुळे काचेप्रमाणे वळते, म्हणून जुन्या गाडीसाठी माझा कौल फ्रेमलाच आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तिचे सांधे गंजतात, एवढी एक उणीव. निवड चुकली नाही ना, हे पाहण्यासाठी कागदाची पट्टी रबराखाली दोन्ही टोकांना आणि मध्ये सरकवून ओढून पाहा. तिन्ही ठिकाणी सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. फ्रेम धड असेल तर नुसते रबर बदलूनही भागते. सिलिकॉनचे ब्लेड उन्हात जास्त टिकते, पण सिलिकॉन लवकर फाटते, त्यामुळे खडबडीत झालेल्या काचेवर त्यावर पैसे घालू नयेत.

रिपेलंटचा निर्णय आपण कुठे आणि किती वेगाने गाडी चालवतो यावर घ्यावा. या लेपामुळे पाणी काचेवर पसरत नाही, त्याचे गोल थेंब होतात आणि ताशी ६० किलोमीटरच्या पुढे वारा ते थेंब वर ढकलून देतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर त्याचा आराम लगेच कळतो. मात्र वरंध किंवा आंबोलीच्या घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, थेंब जागचे हलत नाहीत आणि समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा प्रत्येक थेंबात फुटतो. पूर्वी ट्रकचालक काचेवर तंबाखू किंवा बटाटा चोळत, तो उपाय नेमका उलटा होता: त्याने थेंब न बनता पाणी पातळ थरात पसरते. ज्यांचा बहुतेक प्रवास शहरातील कोंडीत किंवा घाटात होतो, त्यांनी काच स्वच्छ ठेवून रिपेलंट टाळले तरी चालेल.

लावायचेच असेल तर साधे सिलिकॉनचे द्रव स्वस्त पडते, पण भर पावसात काही आठवड्यांतच उतरते. फ्लोरोसिलेन प्रकारचे रिपेलंट काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंध जोडते, म्हणून कित्येक महिने टिकते आणि अर्थातच महाग असते. दोन्ही प्रकार थंड, कोरड्या काचेवर, सावलीत आणि हातमोजे घालून लावावेत. द्रव गोलाकार चोळून बाटलीवर सांगितल्याइतका वेळ थांबावे, मग स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसावे आणि दुसरा हात द्यावा. पुसण्यात हयगय झाली तर उरलेल्या थरावर वायपर अडखळतो आणि नवे ब्लेडच खराब निघाले असा समज होतो. हा लेप काचेच्या आतल्या बाजूला लावू नये.

ब्लेड बसवल्यावर पहिली फेरी कोरड्या काचेवर मारू नका. वॉशरच्या टाकीत भांड्यांचा साबण न घालता काचेसाठीचे द्रव मिसळा, फवारा उडवा आणि मगच बटण दाबा.