मिलिटरी स्कूलचा जुना गणवेश कोणत्या काळातला, हे कसं ओळखावं

ट्रंक उघडली, डांबराच्या गोळ्यांचा वास आला, की पहिला मोह होतो तो ब्रासोचा. तो आवरा. मी एकदा पितळी बिल्ला घासून लखलखीत केला आणि त्यावरची आधीच झिजलेली अक्षरं पार पुसून टाकली. आधी उजेडात फोटो काढा: पुढून, मागून, अस्तराचे, कॉलरखालचे.

मग बटणं बघा. मुकुट आहे की सिंह? भारत २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. त्यामुळे मुकुटाचा बिल्ला साधारण त्याआधीचा. १९४७ ते १९५० या मधल्या काळातही मुकुटच होता, म्हणून 'मुकुट म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीचं' असं लगेच ठरवू नका. मुकुटाचा आकारही बोलतो. राजाच्या मुकुटाच्या कमानी वर फुगीर असतात, तर १९५२ नंतरच्या राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा आपण प्रजासत्ताक होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा असा दबका मुकुट लावून कुणी 'भारतीय शाळेचा' बिल्ला विकत असेल, तर हात आखडता घ्या.

पुढची पायरी नावाची, आणि हीच सगळ्यांत भरवशाची. शाळांची नावं बदलत गेली. बेळगावची शाळा १९४५ मध्ये किंग जॉर्जच्या नावाने सुरू झाली, १९६६ मध्ये 'मिलिटरी स्कूल' झाली आणि २००७ मध्ये 'राष्ट्रीय मिलिटरी स्कूल'. खांद्यावरच्या पट्टीवर यातलं कोणतं नाव आहे, त्यावरून दशकं वेगळी काढता येतात. 'सैनिक स्कूल' असं लिहिलेलं काहीही १९६१ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण पहिलं सैनिक स्कूल साताऱ्याचं, २३ जून १९६१ ला सुरू झालेलं. नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलची सुरुवात मात्र १९३७ ची, त्यामुळे तिथल्या वस्तूंचा पल्ला लांबचा.

आता कोट उलटा करा. जुन्या बाजारात मी एक खाकी कोट घेतला होता. बटणांवर राजाचा मुकुट, विकणारा छातीठोकपणे सांगत होता, 'साहेब, इंग्रजांच्या जमान्यातला.' घरी येऊन आतल्या खिशावरची शिंप्याची चिठ्ठी वाचली तर पत्त्यात पुणे ४११ ००२! पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. बटणं खरी होती, कोट पोरसवदा निघाला. पितळी बटणं टिकतात, म्हणून एका कोटावरून दुसऱ्यावर जातात. एरवी कपड्याचं वय त्याच्या सर्वांत नव्या भागावरून धरायचं. फक्त तो भाग नंतर बदललेला नाही ना, हे तपासा. बटणाचा दोरा बाकीच्या शिवणीच्या दोऱ्यासारखाच आहे का? बिल्ला हळूच उचलून खाली बघा. वर्षानुवर्षं तिथेच असेल, तर त्याच्या आकाराएवढं कापड मूळ गडद रंगाचं राहिलेलं दिसतं. ती सावली बिल्ल्याशी जुळत नसेल, तर तिथे आधी दुसरंच काहीतरी होतं.

कापडासाठी आतल्या शिवणीतला एकच धागा काढून चिमट्याने पेटवा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत, केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर टेरिकॉटचा संशय. आपल्याकडे टेरिकॉट साधारण साठच्या दशकानंतर रुळलं.

नकली बिल्ले ओळखायचे तर मागची बाजू बघा. ठशात दाबून काढलेल्या जुन्या बिल्ल्याच्या मागे पुढच्या नक्षीचे खळगे उमटलेले असतात. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट आणि बारीक छिद्रांची, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत.

शेवटी कॉलरच्या आत, कमरपट्टीत आणि मोज्यांच्या काठावरही शोधा. वसतिगृहात कपडे धुवायला एकत्र जात, म्हणून पोरांचे नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहिलेले किंवा दोऱ्याने शिवलेले असत. असा नंबर सापडला, तर शाळेच्या कार्यालयाला पत्र टाका. जुनं प्रवेश रजिस्टर जपलेलं असेल, तर त्या आकड्यासमोर पोराचं नाव आणि प्रवेशाचं सालही मिळू शकतं.