वन बीएचकेमध्ये पाहुण्यांची झोपायची सोय कशी करायची

पाहुणे येणार असले की फोनवर एक वाक्य ठरलेलं असतं, "आमचं काय गं, आम्ही कुठेही पडू." या वाक्यावर अजिबात विसंबू नका. आमची आत्या कोल्हापूरहून आली होती तेव्हा तिनेही हेच सांगितलं, मी खाली छान जाड गादी घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि रात्री बाथरूमला जायचं म्हणून जाग आली तर तिला उठताच येईना, गुडघे वाकवून जोर द्यायला आजूबाजूला धरायलाच काही नव्हतं. कुणाची झोप मोडायची नाही म्हणून हाक न मारता बराच वेळ तशीच बसून राहिली. सकाळी कळलं तेव्हा फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी आधी माणूस बघते मग बिछाना ठरवते.

विचारून खरं उत्तर मिळत नाही, त्यामुळे बघायचं. खुर्चीतून उठताना हाताने रेटा देतात का, जेवायला खाली बसतात की टेबल शोधतात, चप्पल घालताना भिंत धरतात का. यातलं काहीही दिसलं तर त्यांना खाली झोपवायचं नाही, विषय संपला. त्यांना साधारण खुर्चीच्या उंचीचा, म्हणजे 17-18 इंचांचा पलंग हवा, आणि घरात तसा एकच बेड असेल तर तो त्यांना द्यायचा आणि आपण हॉलमध्ये यायचं. दोन-चार रात्रींनी आपलं काही बिघडत नाही.

आता जागा. आमचं डोंबिवलीत वन बीएचके आहे, हॉल 10 बाय 14, पण सोफा, टीव्ही युनिट, चपलांचं कपाट सोडून उरतं किती ते मोजल्याशिवाय कळत नाही. एका माणसाला 6 बाय 3 फूट धरा. तेवढ्या मापाची चादर घडी करून जमिनीवर टाका, जितकी माणसं तितक्या चादरी, आणि मग दिवे बंद करून बेडरूमपासून संडासापर्यंत चालून बघा. कुणाच्या पायावर पाय न देता जाता आलं पाहिजे, निदान दोन फुटांची वाट हवीच. बेसिनचा दिवा रात्रभर चालू ठेवला तर अजून बरं. आणि डोकं कुठल्या दिशेला ते आधीच ठरवा, दक्षिणेकडे पाय करून झोपणं घरातल्या मोठ्यांना चालत नाही, मग रात्री अकराला सगळे बिछाने फिरवत बसावं लागतं.

विकत घ्यायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, लहान हॉलला दिवाण सगळ्यात चांगला. दिवसा बसायला, रात्री एकाला झोपायला, पोटात सगळी पांघरुणं मावतात, आणि वयस्कर माणसाला उठायला उंचीही बरोबर मिळते. सोफा-कम-बेड दुकानात फार छान दिसतो पण तो उघडल्यावर किती पुढे येतो ते टेपने मोजा, टीपॉय रोज रात्री कुठे सरकवणार ते ठरवा, आणि लाज न बाळगता दुकानातच उघडून दहा मिनिटं आडवं पडून बघा. बऱ्याच सोफ्यांना मधोमध जोड असतो तो नेमका कमरेखाली येतो. शिवाय तो उघडायला दोन माणसं लागत असतील तर महिन्याभरात कुणी उघडत नाही. फोल्डिंग कॉट दाराच्या मागे उभी राहते ही तिची जमेची बाजू, पण पट्ट्या सैल झाल्या की झोळी होते, पाठीचा त्रास असलेल्याला देऊ नका. हवेची गादी पोरांना ठीक, मोठ्यांना कूस बदलताना हलते आणि पहाटेपर्यंत थोडी बसते.

खाली झोपणाऱ्यांसाठी तीन घडीची फोमची गादी मला सोयीची वाटते. 4 इंच जाडीची घ्या, आणि फोम निदान 32 डेन्सिटीचा मागा, नाहीतर वर्षभरात दबून लादी लागायला लागते. घडी केली की 2 बाय 3 फुटांत बसते आणि भिंतीला लावून वर चादर टाकली की बसायलाही होते. कापसाची गादी अंगाला याहून सुखाची, ते मान्यच, पण ती जड असते, पावसाळ्यात ओल धरते, ऊन दाखवावं लागतं आणि काही वर्षांनी पिंजून घ्यावी लागते. गॅलरी किंवा गच्ची असेल तरच ठेवा. दोन्ही गाद्यांखाली सतरंजी किंवा चटई हवीच, आणि सकाळी गादी लगेच उचला, तशीच दिवसभर पडली तर खालून दमट होते.

पंखा हा मुद्दा हमखास विसरला जातो. हॉलचा पंखा मधोमध असतो आणि बिछाना भिंतीकडे, तिथे वारा पोचत नाही, त्यामुळे एक टेबल फॅन घरात ठेवाच, मे महिन्यात तर त्याशिवाय झोप नाही. डास असतील तर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी मिळते, तिला खिळे ठोकायला लागत नाहीत.

नवराबायको पाहुणे आले, त्यातून नवीन लग्न झालेले, तर त्यांना दार बंद होणारी खोली द्या, कुणी तोंडाने मागणार नाही. आणि किचनमध्ये शक्यतो कुणाला झोपवू नका, फ्रिजचा आवाज असतो आणि पहाटे पाणी भरायला, डबे करायला आपण उठलो की त्या माणसाला उठावंच लागतं.

पाहुणे गेले की त्याच दिवशी चादरी, अभ्रे धुवा, गाद्यांना दोन तास ऊन द्या, पाऊस असेल तर पंख्याखाली ठेवा, पूर्ण सुकल्यावर कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून दिवाणात टाका. एक चादर, एक पांघरूण आणि एक उशी असा प्रत्येकाचा गठ्ठा वेगळा बांधून ठेवा म्हणजे रात्री उशिराच्या गाडीने कुणी आलं तरी सगळा दिवाण उपसावा लागत नाही.