भिंतीवर चित्र काढताना या चुका टाळा (निदान पहिल्या दोन तरी)

नवीन मुलं भिंत घेतात तेव्हा सगळी चर्चा डिझाइनवर, कुठल्या कंपनीचे स्प्रे कॅन आणायचे यावर, आणि जिच्यावर हे सगळं उभं राहणार त्या भिंतीला कोणी हातसुद्धा लावून बघत नाही. मग काही महिन्यांनी फोटो येतात, पोपडे सुटलेत, रंग खराब निघाला. अहो रंग बहुतेक वेळा बरा असतो, भिंतच तयार नसते.

एका संस्थेच्या कंपाउंडची भिंत अशीच काही मुलांनी घेतली होती. म्हाताऱ्या माणसाचा मोठा चेहरा, स्केच खरंच सुंदर. मी बघायला गेलो तर खालच्या दोन फुटांत लोणा लागलेला, बोट फिरवलं की पांढरी पूड. पलीकडे वाकून बघितलं तर भिंतीला लागूनच फुलझाडांचा वाफा, त्याला रोज पाणी, आणि तेच पाणी भिंतीत चढत होतं. म्हटलं थांबा, आधी वाफा हलवायला सांगा, भिंत वाळू दे. पण उद्घाटनाची तारीख ठरलेली. त्यांनी ओल्या फडक्याने लोणा पुसला, वर ऑइल प्रायमरचे दोन हात मारले आणि चेहरा उभा केला, फोटोत जबरदस्त दिसला. पुढे आधी हनुवटीवर फुगे आले, मग दाढीचा पापुद्रा तळहाताएवढा सुटून आला, तो उलटा करून बघितला तर प्रायमरच्या पाठीला तीच पांढरी पूड! म्हणजे प्रायमर भिंतीला चिकटलाच नव्हता, पुडीला चिकटला होता. एवढ्या चांगल्या हाताचं काम असं गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

लोणा म्हणजे क्षार, ते पाण्यात विरघळतात, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसले की निम्मे परत भिंतीत जातात. वर हवाबंद थर दिला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार थराच्या मागेच साठतात आणि रंगाला आतून ढकलतात. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते बंद करा, मग कोरड्या ब्रशने झाडा, काही दिवस थांबा, परत आला तर परत झाडा. माझी सवय अशी की दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवायचा आणि निदान 16 तास ठेवायचा. आतून थेंब दिसले किंवा तेवढा भाग काळपट पडला तर त्या दिवशी रंगाचा डबा उघडायचाच नाही. जुना रंग असेल तर मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा, टेपबरोबर रंग आला तर खरवडल्याशिवाय पर्याय नाही. आणि नवीन सिमेंटच्या गिलाव्याला कमीत कमी 28 दिवस द्या, ताज्या गिलाव्यातला अल्कली काही रंग खाऊन टाकतो.

दुसरी चूक स्टेन्सिलची, म्हणजे आकार कापून घेतलेल्या शीटची, जी भिंतीला लावून वरून रंग फवारतात. लोकांना वाटतं स्टेन्सिल म्हणजे शॉर्टकट. ब्लेक ल रा हा कलाकार 1981 पासून पॅरिसच्या भिंतींवर स्टेन्सिलने उंदीर उमटवायला लागला, तिथे भिंतीपाशी पटकन होत असेल तर ते घरी टेबलावर तासन् तास बसून कापल्यामुळे. इथे मात्र कापायचाही कंटाळा आणि फवारायचीही घाई. 'व' कापला आणि त्याच्या पोटातला तुकडा धरून ठेवायला जोड ठेवली नाही, की तो तुकडा गळून पडतो आणि भिंतीवर नुसता भरीव गोळा उमटतो. कडांखाली रंग शिरतो तो कॅन तिरका धरल्यामुळे किंवा एकाच हातात सगळं झाकायला बघितल्यामुळे. कॅन भिंतीशी काटकोनात, साधारण वीतभर लांब धरा, आणि पहिला हात इतका पातळ की रंग नुसता धुळीसारखा बसला पाहिजे, खालची भिंत दिसली तरी दिसू दे. तो सुकला की दुसरा. शीटच्या पाठीला रिपोझिशनेबल (काढून परत चिकटवता येणारा) स्प्रे ग्लू मारला तर बारीक कोपरे उचलत नाहीत. एवढं करूनही कड फाटली तर बारीक ब्रशने नीट करा, वरून अजून फवारा मारू नका, त्याने अजून पसरतं.

मास्कवरून मी भांडतो, आणि भांडत राहणार. रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क रंगाचे कण थोडेफार अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अजिबात नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं (सॉल्व्हंटची वाफ शोषून घेणारं) कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर असलेला रेस्पिरेटर लागतो, तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे (दाढीवर बसत नाही), आणि आत वास यायला लागला की कार्ट्रिज बदलायचं. उघड्यावर आहे, वारा आहे, ही सबब मला सांगू नका.

बाकीच्या लहान पण रोजच्या चुका. कॅनमधली गोळी वाजायला लागली म्हणजे हलवून झालं असं नाही, हलवणं तिथून सुरू होतं, दोनेक मिनिटं. काम संपलं की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, नाहीतर कॅप (फवारा जिथून निघतो ते तोंड) तुंबते. ओघळ येतात कारण हात थांबलेला असतो आणि बोट थांबलेलं नसतं; ओला ओघळ पुसू नका, सुकू द्या आणि वरून झाका. फ्लोरोसंट रंग उन्हात फार लवकर उडतात, टिकायला हवं असेल तर गेरूच्या जातीचे, लोह ऑक्साइडचे रंग वापरा.

रंगाऐवजी चित्राचा कागद भिंतीवर चिकटवणार असाल तर खळ करताना पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात सोडा आणि ढवळत राहा, थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या होणारच. कागद पातळ घ्या, जाड ग्लॉसी कागद भिंतीच्या खडबडीत अंगावर बसत नाही. खळ भिंतीवर लावा, कागदाच्या पाठीला लावा, चिकटवून झाल्यावर वरूनही लावा, आणि मधली हवा मधून कडेकडे दाबत काढा. कागद सुटायला कडेपासूनच सुरुवात होते, त्यामुळे सामान आवरायच्या आधी चारी कडांवर खळीचा अजून एक हात फिरवा.