महसीर दुपारी पाण्यावर येऊन धापा टाकत असेल तर (माझा अनुभव)

३०० लिटरची टाकी, चार इंची दोन खडस महसीर. एप्रिलात दुपारी पाणी ३१ अंशांवर गेलं की मासे वर येऊन धापा टाकत, खाणं बंद. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान सारखं खाली-वर होऊन त्रास वाढला. जादा एअर स्टोनही (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) पुरला नाही. दोन उन्हाळे अक्षरशः हतबल होतो.

जमलं ते असं. आधी कॅनिस्टर फिल्टरचा (टाकीबाहेर ठेवायचा, नळ्यांनी जोडलेला डबाबंद फिल्टर) स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळला, कारण कुजका गाळ ऑक्सिजन खातो. मग फिल्टरमधून टाकीत पाणी परत सोडणाऱ्या नळीवर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) जोडला आणि रोज एकच अंश उतरवत २४ वर आणला. ३१ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २४ ला ८.४. चिलरची गरम हवा खोलीबाहेर सोडा, नाहीतर तो थांबतच नाही. शेवटी पॉवरहेड (पाण्यात प्रवाह तयार करणारा छोटा पंप) पृष्ठभागालगत आडवा लावला. हा वाहत्या नदीचा मासा. झाकण मात्र घट्ट हवं, उडी जबर असते.