टोकियोत उतरल्या दिवशी झोपू नका

रात्रीच्या विमानाने मुंबईहून निघून सकाळी ७ला नारिता विमानतळावर उतरलात, तर शरीराच्या हिशेबात तेव्हा पहाटेचे साडेतीनच वाजलेले असतात. हॉटेलची खोली बहुधा दुपारी ३च्या आधी मिळत नाही, पण बॅगा काउंटरवर ठेवून घेतात. त्या ठेवा आणि उजेडात चालत राहा. रात्री ८-९पर्यंत कसंही करून जागं राहिलात की दुसरी सकाळ तुमची.

हा विमानतळ टोकियो शहरापासून साठेक किलोमीटर दूर, त्यामुळे टॅक्सी परवडत नाही. स्कायलायनर ही रेल्वेगाडी साधारण पाऊण तासात टोकियोच्या उएनो भागात पोचवते. हॉटेल त्याच भागात घ्या. स्टेशनला लागूनच उएनो पार्क आहे, तिथल्या शिनोबाझु तळ्याकाठी निवांत बसा. इतकं अफाट शहर आणि आवाज इतका कमी, हे मला तिथेच पहिल्यांदा जाणवलं. रेल्वेतही कुणी फोनवर बोलत नाही. आपणही बोलू नये.

शाकाहारी असाल तर पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि कोरडी चटणी घरूनच न्या. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बऱ्याचदा माशाचा अर्क असतो, आणि थकल्या डोळ्यांनी जपानी लेबलं उलगडत नाहीत. खाल्ल्यावर कागद जवळच ठेवायला एक पिशवी हवी. रस्त्यावर कचरापेट्या फारशा दिसत नाहीत.